एक चिप, तीन घोटे

"भाऊ, सायकल मी पाहून घेतो. हा पोट्टा पयते बी चांगला. पण पोहाचं काय?"

अमरावती-अकोल्याकडच्या धावणाऱ्यांच्या किंवा सायकलवाल्यांच्या चमूत टीम ट्रायथलॉनचा विषय निघाला की गाडी या प्रश्नापाशी येऊन थांबते. मग चहा येतो आणि विषय बदलतो. माझ्या मते प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त तो शेवटी न विचारता सगळ्यात आधी विचारायला हवा. का, ते सांगतो.

आधी शर्यत समजून घेऊ. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, याच क्रमाने आणि मध्ये घड्याळ न थांबवता. ऑलिम्पिकमध्ये 2000 साली सिडनीला हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हापासून तिथलं अंतर 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं असं आहे. आपल्याकडे हौशी लोकांत जास्त बोलबाला आहे तो 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटरच्या शर्यतीचा. बेरीज करा, 113 येतील. कोल्हापूरच्या 'बर्गमॅन 113' या शर्यतीच्या नावातला आकडा तोच. गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर 2019 मध्ये पहिल्यांदा झालेली 'आयर्नमॅन 70.3' हीदेखील तेवढीच. तिथला 70.3 हा आकडा मैलांचा आहे, एवढाच फरक.

अशा शर्यतींत एकट्याने उतरता येतं, तसं संघानेही उतरता येतं. एक जण पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा धावतो. याला रिले म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये टोकियोपासून सुरू झालेली मिश्र रिले मात्र वेगळी. तिथे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असतात आणि चौघांपैकी प्रत्येकाला 300 मीटर पोहणं, सुमारे 7 किलोमीटर सायकल आणि सुमारे 2 किलोमीटर धावणं हे तिन्ही करावं लागतं. टोकियोत ती ब्रिटनने जिंकली, पॅरिसला 2024 मध्ये जर्मनीने. क्लबातल्या मित्रांची रिले तशी नसते. तिथे ज्याचं त्याने आपलं काम करायचं.

धावण्याच्या रिलेत हातात दांडी असते. इथे दांडी नाही, इथे घोट्याला बांधायची चिप आहे. रबरासारख्या कापडाचा एक पट्टा आणि त्यात वेळ नोंदवणारी बटणाएवढी वस्तू. पोहणारा पाण्यातून येतो, सायकली टांगून ठेवलेल्या आवारात शिरतो आणि आपल्या जोडीदाराच्या सायकलपाशी पोचून चिप त्याच्या हवाली करतो. जोडीदाराने तिथून हलायचं नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पट्टा ओला असतो, त्यात किनाऱ्याची वाळू बसलेली असते, त्यामुळे चिकटपट्टी धड चिकटत नाही. शिवाय पोहणारा वाकला की त्याला गरगरतं. अर्धा-पाऊण तास आडवं राहिलेलं शरीर एकदम उभं होऊन धावत आलेलं असतं, रक्त पायांकडे उतरतं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. म्हणून जाणते संघ उलटं करतात. पोहणारा सायकलच्या दांड्याला धरून नुसता उभा राहतो आणि सायकलवाला खाली बसून त्याच्या घोट्यावरचा पट्टा सोडवतो, आपल्या घोट्याला बांधतो. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, पाया पडतोय. पोहून आलेल्याच्या पाया पडायला तशी हरकतही नसावी.

इथे एक नियम लक्षात ठेवायचा. हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत आल्यावर सायकल जागेवर टांगल्याशिवाय तो सोडायचा नाही. आवारात सायकलवर बसायचं नाही, ती हातात धरून पळायचं. घाईत हे विसरणाऱ्याला पंच थांबवतात आणि घाईने कमावलेलं सगळं तिथेच जातं.

या खेळाचा जन्मच क्लबात झाला. 25 सप्टेंबर 1974 ला अमेरिकेतल्या सॅन डिएगो ट्रॅक क्लबने आपल्या धावपटूंना विरंगुळा म्हणून मिशन बे इथे एक तिरंगी शर्यत ठेवली. 46 जण आले. तेव्हा धावणं आधी आणि पोहणं सगळ्यांच्या मागून होतं. दमलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं, हे उमजल्यावर पुढे पोहणं पहिलं आलं. त्या 46 जणांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदल अधिकारी होते. 1977 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर धावण्याच्या रिलेचा बक्षीस समारंभ चालू असताना धावणारे श्रेष्ठ, पोहणारे श्रेष्ठ की सायकलवाले, असा वाद रंगला. कॉलिन्स म्हणाले, बेटावरच्या तिन्ही मोठ्या शर्यती एकापुढे एक लावू, जो जिंकेल तो लोहपुरुष. 18 फेब्रुवारी 1978 ला 15 जण निघाले, 12 जणांनी पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तास लागले. म्हणजे एकट्याच्या पराक्रमाचा सर्वोच्च नमुना मानली जाणारी आयर्नमॅन स्पर्धा सांघिक शर्यतीच्या बक्षीस समारंभात सुचली. रिले म्हणजे 'अर्धीमुर्धी' ट्रायथलॉन, असं नाक मुरडणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी.

वऱ्हाडाला संघाने घाम गाळणं नवीन नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभं केलेलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. आणि अकोल्याची कावड तर जिवंत शिकवणीच आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन, अनवाणी, सुमारे 18 किलोमीटर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला यायचं. रात्र रस्त्यावर जाते. मोठ्या मंडळांच्या कावडीला एकदोन नव्हे, ओळीने भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, बांधलेले असतात आणि तेवढंच मोठं लाकूड. एकाच्या खांद्याला वळ उठला की दुसरा खालून शिरतो, पहिला बाजूला सरकतो, कावड जमिनीला टेकत नाही आणि थांबतही नाही. खांदेपालट डोळ्यांनी पाहिला तर कळतं की यात बोलणं जवळजवळ नसतंच. शेजारच्याच्या चालीवरून, श्वासावरून समजतं की हा आता दमला.

पण कावड आणि ट्रायथलॉनची रिले यांत एक मोठा फरक आहे आणि संघ बांधताना तोच नडतो. कावडीत एकाच वेळी अनेकांचे खांदे लागलेले असतात, एकाचा पाय अडखळला तर बाकीचे सांभाळून घेतात. ट्रायथलॉनमध्ये एकाच्या घोट्याला चिप असते तेव्हा बाकी दोघांना काहीच करता येत नाही. सायकल पंक्चर झाली तर ट्यूब त्यानेच बदलायची. मित्राने शेजारी स्कूटर घालून पाण्याची बाटली दिली तर संघ बाद होऊ शकतो. म्हणून इथे दमलेल्याला बदलायची सोय नाही, आधीच दमणार नाही असा माणूस निवडायची आहे.

निवड कशी करायची? साधा हिशेब मांडू. ऑलिम्पिक अंतर घ्या. समजा, पोहणाऱ्याला 100 मीटरला 2 मिनिटं 20 सेकंद लागतात, म्हणजे 1.5 किलोमीटरला 35 मिनिटं. सायकलवाला ताशी 32 किलोमीटरने 40 किलोमीटर 75 मिनिटांत करतो. धावणारा किलोमीटरला 5 मिनिटं धरून 50 मिनिटांत. एकूण 160 मिनिटं. जवळजवळ अर्धा वेळ सायकलवर जातो, त्यामुळे क्लबातले पैसे, चर्चा आणि भांडणं सगळी सायकलभोवती होतात. कार्बनची चौकट घेऊ का, चाकं कुठली, कपडे घट्ट हवेत का. गंमत अशी की सायकलवरचं मिनिट सगळ्यात महाग असतं. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते आणि ही ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. एवढं करून मिळतात सातेक मिनिटं. एक तृतीयांश ताकद वाढवायला हौशी माणसाची दोनतीन वर्षं जातात, काहींची कधीच वाढत नाही. पुढच्याच्या मागे चिकटून हवा चुकवावी म्हटलं तर हौशी लांब शर्यतींत त्याला बंदी आहे, साधारण 12 मीटरचं अंतर ठेवावं लागतं. वऱ्हाडातल्या सायकल क्लबांना रांगेने चालवायची सवय असते, तिथे ही सवय अंगाशी येते.

आता पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन. त्यामुळे पाण्यात ताकदीपेक्षा आकार महत्त्वाचा. पाय खाली लोंबले की शरीर पाण्यात तिरकं होतं आणि समोरून पाणी अडवत जातं. हौशी माणूस 100 मीटरला 3 मिनिटं घेत असेल तर 1.5 किलोमीटरला 45 मिनिटं होतात. त्याचं डोकं खाली गेलं, कंबर वर आली, श्वास बाजूने घ्यायला जमला आणि तो 2 मिनिटं 20 सेकंदांवर आला, तर दहा मिनिटं वाचतात. त्याच फुप्फुसांनी, त्याच हृदयाने, कार्बनचा एक धागाही विकत न घेता. चांगला शिकवणारा आणि आठवड्याला तीन-चार दिवसांची टाकी मिळाली, तर ही सुधारणा काही महिन्यांत होण्यासारखी असते. स्वस्त मिनिटं पाण्यात आहेत.

आणि नेमकी तिथेच वऱ्हाडाची पंचाईत. आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकलं जातं, निदान एका पिढीपर्यंत तरी शिकलं जायचं. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने वरून ढकलायचं. विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. उंचावरून उडी मारतो, तळाचं भांडं काढून आणतो. पण विहीर असते किती? चार हात मारले की काठ. त्यामुळे डोकं वर, पाय खाली, असं उभं-आडवं पोहणं अंगात मुरतं. जीव वाचवायला ते उत्तम, 1.9 किलोमीटर जायला निरुपयोगी. असा पोहणारा पहिल्या 200 मीटरला सगळ्यांच्या पुढे असतो आणि 600 ला धापा टाकत उलटा तरंगतो.

टाकीचं सांगायचं तर 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टाकीत पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. माणशी 135 लिटरचा शहरी निकष धरला तर साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. काटेपूर्णेवरच्या, महान इथल्या धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या अकोल्यात हा आकडा उन्हाळ्यात कुणापुढे उच्चारायची सोय नाही. खरं तर टाकीतलं पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जातं, रोज उपसत नाहीत. तरी टंचाईच्या दिवसांत पोहण्याची टाकी डोळ्यांत खुपते आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणून मग लोक तलावाकडे वळतात. इथे मी स्पष्ट सांगतो: एकट्याने, जीवरक्षकाशिवाय, परवानगीशिवाय कुठल्याही तलावात किंवा धरणाच्या पाण्यात सराव करू नका. काठाशी गाळ असतो, खाली शेवाळ आणि जुनी झाडं असतात.

टाकीत तयार झालेल्या पोहणाऱ्यालाही गोव्यात वेगळीच परीक्षा असते. 25 मीटरच्या टाकीत दीड किलोमीटर म्हणजे साठ फेऱ्या, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला लाथ मारून फुकटचा रेटा मिळतो. समुद्रात भिंत नाही आणि तळाला रंगवलेली काळी रेघही नाही. आठ-दहा हातांनी एकदा नजर वर काढून तरंगता फुगा शोधावा लागतो, नाहीतर 1.9 चे 2.2 किलोमीटर होतात. खारं पाणी शरीराला थोडं वर उचलतं, हा एवढाच दिलासा.

सायकलवाल्याची स्थिती त्या मानाने बरी. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग 53 चा पट्टा तर विक्रमी आहे. जून 2022 मध्ये लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरून काढली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर पहाटे सायकल छान पळते. मात्र मालट्रक त्याहून छान पळतात, हे विसरू नये. सायकलवाल्याला चढ हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहेच. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या आसपास. महिन्यातून एकदा तो घाट चढणाऱ्याला गोव्याचे चढ किरकोळ वाटावेत.

धावणाऱ्याचं दुखणं वेगळं आणि फसवं. 113 किलोमीटरच्या शर्यतीत सकाळी सातच्या सुमारास पोहणं सुरू झालं, पोहणाऱ्याने पाऊण तास आणि सायकलवाल्याने तीन-सव्वातीन तास घेतले, तर धावणाऱ्याच्या घोट्याला चिप लागते अकराच्या सुमाराला. तोवर तो चार तास नुसता बसलेला असतो. काय खावं, कधी खावं, किती पाणी प्यावं, उन्हात उभं राहून मित्रांना ओरडून प्रोत्साहन द्यावं की सावलीत पडून राहावं, याचा त्याने कधीच विचार केलेला नसतो, कारण त्याच्या सगळ्या मॅरेथॉन पहाटे सुटलेल्या असतात. माझं मत, पडून राहावं. मैत्री नंतर दाखवता येते.

"आम्ही अकोल्याचे, 45 डिग्रीत राहतो, आम्हाला गोव्याच्या उन्हाचं काय?" हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. वऱ्हाडाची उष्णता कोरडी. घाम अंगावरच्या अंगावर सुकतो आणि सुकताना शरीर गार करतो. घाम आला हेसुद्धा कळत नाही, संध्याकाळी बनियनवर पांढऱ्या मिठाच्या रेषा दिसतात तेव्हा कळतं, खारपाणपट्ट्यातल्या जमिनीसारख्या. गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ जातं, गारवा काही मिळत नाही. तापमान 33 असलं तरी शरीर आतून तापत जातं. सायकलवाल्याला निदान वेगाचा वारा असतो, धावणाऱ्याला तोही नसतो. शरीर अशा हवेला सरावतं, रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधी गोव्यात जाऊन राहण्याइतकी रजा कुणाला मिळत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप असताना, भर दुपारी धावायचा थोडा थोडा सराव करावा. वऱ्हाडात गोव्याच्या जवळ जाणारी हवा तेव्हाच असते.

रिलेत एक फायदा मात्र निखळ आहे. एकट्याने ट्रायथलॉन करणारा सायकलवरून उतरतो तेव्हा त्याच्या मांड्या चेपल्यासारख्या झालेल्या असतात आणि पहिले दोनतीन किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत. रिलेतला धावणारा ताजा असतो. त्याला हात राखून धावायची गरज नाही, पोहणाऱ्यालाही पुढच्या 90 किलोमीटरची काळजी नाही. प्रत्येकाने आपला तुकडा पुरा जोर लावून करायचा. सहनशक्तीच्या खेळात ही चैन क्वचित मिळते. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तीही आलटून पालटून. एक सायकलवर असताना दुसरा विश्रांती घेणार. आपल्या तीन तुकड्यांच्या शर्यतीपेक्षा ते कितीतरी पट अवघड, पण तत्त्व हेच.

तर पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. क्लबात सायकलवाले दहा असतात, धावणारे पन्नास. पोहणारा एखादाच आणि तो बहुधा क्लबात नसतोच. तो टाकीवर असतो, शालेय स्पर्धांत कधीकाळी पोहलेला आणि आता औषधांच्या दुकानात बसणारा, किंवा दोन मुलांची शाळा सांभाळून सकाळी सहाच्या बायकांच्या वेळेत चाळीस फेऱ्या मारणारी एखादी ताई. तिला ट्रायथलॉन हा शब्दही माहीत नसतो. आपण तिला विचारायला गेलेलो नसतो, कारण आपली चर्चा चाकांवर चालू असते.

113 किलोमीटरच्या आयर्नमॅन शर्यतीत पोहण्याची मर्यादा 1 तास 10 मिनिटांची असते. 1.9 किलोमीटरला वाटून पाहिलं तर 100 मीटरला 3 मिनिटं 41 सेकंद. तुमच्या पोहणाऱ्याला टाकीत न थांबता 76 फेऱ्या मारायला सांगा आणि काठावर घड्याळ घेऊन बसा. तासाच्या आत आला, तर शर्यतीची फी भरा. नाही आला, तर सायकलची नवी चाकं या वर्षी घेऊ नका, त्या पैशांत त्याला शिकवणारा लावा.